परतीचा हिशेब आधी : लहान होडीच्या मासेमारी फेरीचे नियोजन

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील गाव. गावाजवळून पैनगंगा वाहते व सहस्रकुंडाला कड्यावरून खाली कोसळते. हे पाणी पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्याकडच्या आठवडी बाजारांत मात्र सुक्या मासळीच्या पाट्यांवर जे बोंबील दिसतात, ते मुख्यतः पश्चिमेच्या अरबी समुद्रातले असतात. समुद्र न पाहिलेला आपला दुकानदारही अशा प्रकारे समुद्राच्या धंद्यात भागीदार असतो. होडी वेळेवर परतली नाही तर त्याच्या पाटीतला माल महागतो. पण ती परतलीच नाही तर कोणाचे तरी घर बसते.

सुक्या मासळीच्या धंद्यातील काही जण स्वतः किनाऱ्यावर जाऊन खरेदी करतात. अशा वेळी ओळखीचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणतो, "शेठ, फेरीचा खर्च तुम्ही घाला, मासळीत वाटा घ्या." होकार देण्यापूर्वी फेरी कशी आखतात हे आपल्याला कळले पाहिजे. आजच्या पाठात आपण लहान होडीची दोन दिवसांची एक फेरी कागदावर आखून पाहणार आहोत. तिचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : आधी परतीचा हिशेब करावा, मग जाण्याचा.

जागा आणि माणसे

उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा घेऊ. येथे दालदी या नावाने ओळखला जाणारा मुस्लिम मच्छीमार समाज पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतो. रत्नागिरीतील राजिवडा आणि मिरकरवाडा, तसेच राजापूर तालुक्यातील साखरी-नाटे ही मुस्लिम मच्छीमारांची परिचित ठिकाणे आहेत. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून आपल्या भागातील व्यापाऱ्यालाही रत्नागिरी गाठणे सोपे झाले आहे.

समजा, आपली होडी रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतून निघणार आहे. तिच्यावर एक तांडेल आणि तीन खलाशी, असे चार जण आहेत. डिझेलचे लहान इंजिन आहे, बांगड्याचे जाळे आहे. जायचे आहे दक्षिणेला, जैतापूर खाडीच्या मुखाशी असलेल्या मुसाकाजी बंदराच्या बाजूला. समुद्रमार्गे हे अंतर साधारण 25 सागरी मैल धरू. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर. अर्ध्या वाटेवर मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड लागते. मधला किनारा खडकाळ आणि विरळ वस्तीचा आहे. इंजिन बंद पडले तर हाकेच्या अंतरावर मदत मिळेलच असे नाही. त्यामुळे वाटेतल्या आसऱ्याच्या जागा निघण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात.

वारा : जाताना मित्र, येताना सावकार

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण शिकलो आहोत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा वाहतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शिडाच्या काळात कोकणातल्या होड्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिन आले तरी वाऱ्याचा हा नियम बदललेला नाही.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्याच्या महिन्यांत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. आपली होडी दक्षिणेला जाणार आहे, म्हणजे जाताना वारा पाठीवर असेल. होडी झपझप पळेल, डिझेल कमी लागेल, खलाशी खुशीत असतील. परतताना मात्र तोंड उत्तरेला, वारा आणि लाटा समोरून, आणि होडीत मासळीचे वजन. नवखा माणूस येथेच फसतो. जाण्याला जेवढे लागले तेवढेच येण्याला लागेल असे तो धरतो.

आकड्यांत पाहू. शांत पाण्यात होडी तासाला 5 सागरी मैल जाते आणि इंजिन तासाला 3 लिटर डिझेल खाते असे धरा.

1) जाणे : 25 मैल, 5 तास, 15 लिटर.
2) जाळे टाकणे व ओढणे : 3 तास, 9 लिटर.
3) शांत पाण्यात परत येणे : 5 तास, 15 लिटर.

मच्छीमारीत एक जुना आणि चांगला नियम आहे : इंधनाचे तीन भाग करावेत, एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक संकटासाठी. या नियमाने नवखा माणूस 15, 15 आणि 15 असे 45 लिटर भरतो आणि निश्चिंत होतो. आता जाण्याचे 15 आणि जाळ्याचे 9 वजा केले तर त्याच्याकडे 21 लिटर उरतात. परतीला दुपारचा वारा समोरून आला आणि वेग 3 मैलांवर उतरला, तर 25 मैलांना 8 तास 20 मिनिटे आणि 25 लिटर लागतात. 21 लिटरमध्ये 7 तास, म्हणजे 21 मैल होतात. घर 4 मैलांवर दिसत असताना टाकी कोरडी पडते. नियम चुकीचा नव्हता. तो सोप्या परतीवर लावला गेला, ही चूक.

म्हणून तीन भागांचा नियम अवघड परतीवर लावावा. जाण्याचे 15, जाळ्याचे 9 आणि वाईटात वाईट परतीचे 25, एकूण 49 लिटर. त्यावर तिसरा हिस्सा, म्हणजे 16 लिटर राखीव. होडीत 65 लिटर डिझेल असल्याशिवाय ही फेरी सुरू करू नये.

चांदाची तारीख आणि भरतीची वेळ

दुसरा हिशेब पाण्याचा. भाट्ये खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, त्यामुळे तेथील मच्छीमारांना भरती पाहूनच ये-जा करावी लागते. ओहोटीच्या वेळी खाडीतून बाहेर पडणारे पाणी आणि समुद्राकडून येणारी लाट मुखाशी भिडतात. लहान होडी उलटण्याचा धोका खोल समुद्रापेक्षा अशा जागी अधिक असतो.

भरतीची वेळ काढण्याचा एक देशी ठोकताळा मुंबई-कोकणात प्रचलित आहे. त्या दिवसाच्या तिथीला 3 ने गुणून 4 ने भागावे. अष्टमी असेल तर 8 गुणिले 3 म्हणजे 24, भागिले 4 म्हणजे 6. सकाळी 6 च्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सव्वासहाच्या पुढे पूर्ण भरती. दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा आहे. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते. छापील भरती-ओहोटीचे कोष्टक हाताशी असेल तर तेच खरे मानावे.

आपल्या घरातील हिजरी दिनदर्शिकाही चंद्रावरच चालते, म्हणून तिचाही येथे उपयोग होतो. शुक्ल पक्षात चांदाच्या तारखेत 1, कधी 2 मिळवले की तिथी येते. पौर्णिमेनंतर चांदाच्या तारखेतून 14, कधी 13 वजा केले की कृष्ण पक्षाची तिथी येते. चंद्रदर्शनाच्या दिवसावर हा एका दिवसाचा फरक पडतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि खाडीच्या मुखाशी ओढ जोराची असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. आपल्या फेरीसाठी कृष्ण पक्षातील दशमी आणि एकादशी, म्हणजे चांदाची साधारण 23-24 आणि 24-25 तारीख घेऊ. दशमीला भरती साडेसातच्या, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास येते, आणि रत्नागिरीला त्याहून थोडी आधी. सकाळी 6 ला चढत्या पाण्यावर निघता येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 च्या सुमारास भरल्या पाण्यात खाडीत शिरता येते. कृष्ण दशमीनंतर चंद्र मध्यरात्री उलटून गेल्यावर उगवतो. त्यामुळे पहाटेच्या परतीला थोडा उजेडही मिळतो.

फेरीचे वेळापत्रक

आता वारा आणि पाणी दोन्ही जुळवून वेळापत्रक असे होते.

पहिला दिवस : सकाळी 6 ला निघणे. साडेआठच्या सुमारास पूर्णगडासमोर इंजिन, पाणी आणि आभाळ यांची तपासणी. येथे काहीही शंका आली तर आत शिरायचे, पुढे जायचे नाही. 11 वाजता मुसाकाजीच्या परिसरात. दुपारचा वारा चढेल तोवर होडी आडोशाला नांगरून जेवण आणि विश्रांती. 4 ते 7 जाळे. रात्री पुन्हा आडोशाला.

दुसरा दिवस : पहाटे 3 ला निघणे. या वेळी मतलई वारा बाजूने असतो, किनाऱ्यालगत समुद्र बहुधा शांत असतो आणि होडीचा 5 मैलांचा वेग टिकतो. 8 वाजता रत्नागिरी. रात्रीची ही वाट खडपांची आहे. जैतापूर आणि रत्नागिरी या दोन्ही ठिकाणी दीपगृहे आहेत, तरी वाट पाठ असलेला तांडेल असेल तरच पहाटे निघावे. नसेल तर उजाडण्याची वाट पाहावी. मग वारा चढण्यापूर्वी होडी पूर्णगडाच्या पुढे निघाली पाहिजे. तेही जमत नसेल तर पूर्णगडाला थांबून तिसऱ्या दिवशी यावे. 16 लिटरचा राखीव साठा आणि एका दिवसाचे जादा अन्नपाणी याचसाठी असते.

होडीत काय असावे

यादी लांबवत नाही. अडचणीच्या वेळी प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या वस्तू एवढ्याच :

1) प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट, आणि ते अंगावर. फळीखाली दाबून ठेवलेले जाकीट कोणाचा जीव वाचवत नाही.
2) माणशी दिवसाला किमान 5 लिटर गोडे पाणी. चार माणसे, दोन दिवस आणि एक जादा दिवस, म्हणजे 60 लिटर.
3) नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट दोर. इंजिन बंद पडले तर होडी खडकावर जाण्यापासून नांगरच रोखतो.
4) दोन वल्ही, पाणी उपसण्याचा डबा, विजेरी, होकायंत्र.
5) इंजिनाचा जादा पट्टा, डिझेलचा फिल्टर, नळी, पाने, आणि ते बदलता येणारा निदान एक माणूस.
6) बिनतारी संच. समुद्रात संकटाची हाक 16 क्रमांकाच्या वाहिनीवर देतात. मोबाइल किनाऱ्याजवळ चालतो, त्यावर सर्व भिस्त ठेवू नये. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे.
7) मासळीच्या वजनाइतका बर्फ. आपल्या हवेत 1 किलो मासळीला 1 किलो बर्फ हे प्रमाण धरावे. 100 किलो मासळीची आशा असेल तर 100 किलो बर्फ.

कागदपत्रेही होडीतच असावीत. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना आणि प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर हवे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन वापरली होती. तेव्हापासून समुद्रातील तपासणी कडक झाली आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. त्या वर्षीचा आदेश बंदरावर विचारून घ्यावा. हा काळ माशांच्या प्रजननाचा आणि पावसाळी समुद्राचा आहे.

निघण्यापूर्वी एक कागद किनाऱ्यावर विश्वासू माणसाकडे ठेवावा. होडीचे नाव व क्रमांक, चौघांची नावे, जाण्याचे ठिकाण, आसऱ्याच्या जागा, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत वाट पाहून कोणाला कळवायचे, एवढेच त्यावर लिहायचे. या कागदाला काही खर्च नाही. पण तो नसेल तर शोध कोठे घ्यायचा हेच कोणाला कळत नाही.

पैशाचा हिशेब

आता दुकानदाराच्या सवयीच्या गोष्टीकडे येऊ. डिझेल लिटरला 90 रुपये आणि बर्फ किलोला 6 रुपये धरा. प्रत्यक्ष दर त्या दिवशी पाहून घ्यावेत.

फेरी ठरल्याप्रमाणे झाली तर डिझेल 39 लिटर, म्हणजे 3,510 रुपये. बर्फ 600 रुपये. शिधा व किरकोळ 890 रुपये. एकूण खर्च 5,000 रुपये. मासळी सरासरी किलोला 110 रुपयांनी गेली तर 46 किलोंपर्यंतची मासळी नुसता खर्च भागवते. 100 किलो मिळाली तर विक्री 11,000 आणि शिल्लक 6,000.

वाटपाची रीत बंदरोबंदरी वेगळी असते, पण तत्त्व एक आहे. आधी खर्च वजा, मग होडी, जाळे आणि माणसे यांचे वाटे. आपण होडीचा 1, जाळ्याचा 1 आणि चार माणसांचे 4, असे 6 वाटे धरू. प्रत्येकी 1,000 रुपये. दोन दिवस आणि एक रात्र समुद्रावर काढलेल्या खलाशाच्या हातात हे पडतात, तेही मासळी मिळाली तर.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण 65 लिटर डिझेल भरले आणि 39 जळले. उरलेल्या 26 लिटरला कोणी खर्च म्हणू नये. तो शिल्लक माल आहे, पुढच्या फेरीला उपयोगी पडेल. भांडवल घालणारा माणूस पुष्कळदा हाच आकडा कापायला सांगतो : "एवढे डिझेल कशाला? चाळीस-पंचेचाळीस भरा." वर पाहिलेला 4 मैलांचा तुटवडा असाच तयार होतो. 20 लिटर कमी भरून 1,800 रुपये हातात राहतात, पण चार माणसांचा जीव पणाला लागतो. हा व्यापार नव्हे.

निघायचे की नाही, हे कोणी ठरवावे?

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बंदरावर 3 नंबरचा बावटा लागला म्हणजे त्या बंदरालाच वादळी हवेचा धोका आहे अशी सूचना असते. हवामान खाते मच्छीमारांसाठी इशारे देते आणि हैदराबादचे 'इन्कॉइस' हे केंद्र लाटांचा व वाऱ्याचा अंदाज आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. माहिती आज उपलब्ध आहे. अडचण पुष्कळदा पुढेच असते.

समजा, बर्फ भरला, डिझेल भरले, दुकानदाराचे 7,340 रुपये गुंतले आणि पहाटे इशारा आला. आता बर्फ वितळणार. दुकानदार म्हणतो, "थोडे जाऊन तर बघा." तांडेल त्याची उचल घेऊन बसलेला आहे. उचल घेतलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. तो निघतो. हा निर्णय तांडेलाने घेतला असे दिसते, पण खरे पाहता तो उचलीने घेतला.

11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावरून गेले तेव्हा अनेक होड्या समुद्रात सापडल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक मच्छीमार घरी परतले नाहीत. ऐन हंगामातला, एरवी शांत समजला जाणारा तो महिना होता. हवेवर कोणाची उचल चालत नाही, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

म्हणून भागीदारी करताना पैसे देण्यापूर्वीच तीन अटी लिहून घ्याव्यात. एक, निघण्याचा आणि परत फिरण्याचा निर्णय फक्त तांडेलाचा राहील. दोन, हवेमुळे फेरी रद्द झाली तर बर्फाचा व शिध्याचा तोटा भांडवलदार सोसेल, तो खलाशांच्या वाट्यातून कापला जाणार नाही. तीन, रिकामी परतलेली होडी म्हणजे कसूर समजली जाणार नाही. नफ्यात वाटा घेणाऱ्याने तोट्यातही वाटा घ्यावा, तरच ती भागीदारी. नाहीतर ती जोखीम दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

रद्द झालेल्या फेरीचा तोटा आपल्या उदाहरणात किती? बर्फ 600 आणि शिध्यातला नासका भाग. डिझेल टाकीत शिल्लक. म्हणजे हजाराच्या आत. एवढ्या रकमेची तयारी नसेल त्याने मासेमारीत भांडवल घालू नये. बाजारातून तयार सुकी मासळी विकत घेऊन विकावी, तोही हलाल आणि चांगला धंदा आहे.

इस्लापुरात बसून

समुद्र आपल्यापासून दूर असला तरी हा हिशेब दूरचा नाही. टेम्पो भरून जंगलपट्टीतल्या बाजाराला जाणारा कापडवाला, पावसाळ्यात पैनगंगेच्या पलीकडे उधारी वसूल करायला जाणारा दुकानदार, परगावी काम घेणारा सुतार किंवा गवंडी, या सर्वांना जाण्याचा खर्च तोंडपाठ असतो. परतीला पूर आला, माल विकला गेला नाही, काम अर्धवट थांबले, तर काय, याचा आकडा क्वचितच कोणाच्या वहीत असतो.

वाचकांनी या आठवड्यात एक काम करावे. आपल्या पुढच्या फेरीचा हिशेब मांडताना पहिली ओळ परतीची लिहावी, तीही वाईटात वाईट परतीची. तिच्यावर तिसरा हिस्सा राखीव धरावा. मग उरलेल्या पैशात जाणे बसते का ते पाहावे. बसत नसेल तर फेरी लहान करावी. आणि आपण दुसऱ्याला पैसे देऊन पाठवत असाल, तर परत फिरण्याची मोकळीक त्याला पैशाबरोबरच द्यावी.